डावीकडचं दार

५ फेब्रुवारी २०१८, सोमवार

निवृत्त होऊन पाचवा दिवस. मोजणी कचेरीतल्या लोकांनी निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही वही दिली. घड्याळं घरात दोन आहेत. वही ठेवली. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे बांध वहीत उतरवले, आता स्वतःचं काही उतरवावं.

आज लिहिण्याजोगं एकच. गाडीचं डावीकडचं पुढचं दार नीट बसत नाही. मागची कड बाहेर राहते. पट्टी लावून पाहिलं, वर चार मिलिमीटर, खाली नऊ. दार मिटताना हाताने किंचित उचलावं लागतं, नाहीतर कुलूप खांबावरच्या आकड्याच्या खाली जाऊन आपटतं. वेग घेतला की फटीतून शिट्टी वाजते.

लास्मिनीला विचारलं, "बुने, हे कधीपासून?"

"मला काय माहीत. मला ते ओढवत नाही, एवढं कळतं."

मुलगी रेत्नो जन्मली तेव्हापासून मी 'पाकने', म्हणजे बाप, आणि ती 'बुने', म्हणजे आई. बत्तीस वर्षांत आम्ही एकमेकांची नावं विसरल्यात जमा आहोत.

"ओढवत नाही कारण दार वाकडं आहे," मी म्हणालो. "मी करतो सरळ. आता वेळच वेळ आहे."

ती हसली. म्हणाली, "करा बाई. तुमच्या हाताला काम लागलं म्हणजे माझ्या स्वयंपाकघराला शांतता."

९ फेब्रुवारी

खांबावरचा आकडा दोन स्क्रूंनी धरलेला असतो. ते सैल केले, आकडा चार मिलिमीटर खाली घेतला, पुन्हा आवळले. सकाळ गेली. दार बसलं. दोन बोटांनी ढकललं तरी बसतं.

लास्मिनीला बाजारात नेऊन आणलं. उतरताना ती दार धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मी सामान घेऊन घरात जाऊन परत आलो तरी तिथेच. "काय झालं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, आंब्याला मोहोर आलाय का बघते." आमच्या जावात मोहोर जून-जुलैत येतो, फेब्रुवारीत कुठला. शिकवणं सोडल्यापासून तिचं असं चाललंय. शाळेत सव्वीस वर्षं मुलींना नाच शिकवला, गेल्या वर्षी गुडघे दुखतात म्हणून सोडून दिलं. रिकामं डोकं.

२१ फेब्रुवारी

दार पुन्हा खाली आलं. बाराच दिवसांत.

आकडा आणखी खाली घ्यायला जागा नाही. म्हणजे दोष आकड्याचा नाही, दारच उतरतंय. शेवटी तुगिमानकडे गेलो. नदीकडच्या रस्त्यावर त्याचं केतोकचं, म्हणजे गाड्यांचे पोचे काढण्याचं, दुकान आहे. आमच्या ब्लितार गावातल्या बाकीच्या केतोकवाल्यांसारखाच तोही गाडी आत घेतो, पत्र्याचं फाटक लावून घेतो आणि काम करताना कोणालाही पाहू देत नाही. लोक म्हणतात मंत्र टाकून पोचे काढतो. मी मोजणीतला माणूस. बाहेर बाकावर बसून कॉफी प्यायलो आणि कान दिला. ठोकण्याचा आवाज येत होता. मंत्राला ठोकावं लागत नाही.

दीड तासाने फाटक उघडलं. दार आरशासारखं बसलेलं.

"पाक हर्तोयो, बिजागऱ्या ठीक आहेत," तो म्हणाला. "नुसतं खाली आलं होतं. कशाला अडकलं होतं का? झाड, भिंत?"

"माझी गाडी कुठे अडकत नाही," मी म्हणालो.

४ मार्च

लास्मिनीने पेचेलची, उकडलेल्या भाज्यांवर घालायची, शेंगदाण्याची चटणी शेजारच्या कासियातीकडून वाटून आणली. आमच्या घरात हे पहिल्यांदा घडलं. म्हणे दगडी बत्ता जड वाटतो. गेली तीस वर्षं जड नव्हता. मी निवृत्त काय झालो, घरात सगळेच निवृत्त झाले. तसं बोललोही.

चटणीत कासियाती लिंबाचं पान जास्त घालते.

१९ मार्च

लास्मिनी आज कासियातीबरोबर मालांगला गेली. आगगाडीने. मी सोडतो म्हणालो तर नको म्हणाली, बायकांबायकांत जातो. कासियातीच्या वहिनीला तिथल्या रुग्णालयात ठेवलंय, तिला भेटायचंय.

मी दिवसभर दाराला नवं रबर बसवलं. जुनं खरवडून काढायलाच तीन तास लागले. दार पुन्हा दोन मिलिमीटर उतरलंय, पण नव्या रबराने शिट्टी थांबेल.

संध्याकाळी पाचला ती आली. तिला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि दाखवलं. दार लावलं, उघडलं, लावलं. ती बघत होती. "छान झालंय," म्हणाली. हातात तपकिरी लिफाफा होता. विचारलं तर म्हणाली कासियातीच्या वहिनीचे कागद, चुकून माझ्याकडे राहिले.

"कशी आहे वहिनी?"

"बरी होणार नाही म्हणतात."

न जेवता झोपली. परक्या माणसाचं दुःखसुद्धा तिला फार लागतं.

१२ एप्रिल

तुगिमानने नव्या बिजागऱ्या घातल्या. वर आणि खाली, दोन्ही. आता या दाराला वाकडं व्हायला कारणच उरलं नाही.

परतल्यावर लास्मिनीला दार लावण्याची रीत शिकवली. ती अर्धवट लोटून देते. मी म्हणालो, "हे बघ, कडेला धरायचं, हलकेच ओढायचं. दोन बोटं पुरतात."

"माझ्या दोन बोटांत तेवढं राहिलं नाही, पाकने."

"ओढायला जोर लागत नाही, लक्ष लागतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोन्ही हातांनी ओढून दार लावलं. बसलं. मी म्हणालो, "बघ, जमलं ना."

काचेच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या हाताचे तेलकट डाग पडतात. तेही सांगितलं. पुसले.

२ मे

उतरलं. नव्या बिजागऱ्यांसकट. तीन मिलिमीटर.

आज मी तिच्यावर ओरडलो. लिहून ठेवतो. गाडीत आम्ही दोघंच बसतो. माझ्या बाजूचं दार अकरा वर्षं जिथल्या तिथे आहे. म्हणजे तीच त्या दाराचं काहीतरी करते. "आपटतेस, नाहीतर सताड उघडं ठेवून गप्पा मारतेस," मी म्हणालो. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. पूर्वी घालायची, आणि जिंकायची.

"मग मी मागे बसते," एवढंच म्हणाली.

२० मे

रोजे सुरू झाले. लास्मिनी आता मागच्या डाव्या दाराने चढते आणि मागे बसते. मी पुढे एकटा, भाड्याच्या ड्रायव्हरसारखा. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की हसतं. आज मशिदीपाशी सुमारदी म्हणाला, "काय हो, बाईसाहेबांनी नोकरीवर ठेवलं वाटतं." मीही हसलो.

पण पुढचं दार अठरा दिवस हललेलं नाही. म्हणजे माझं बरोबर होतं.

तिने चपला बदलल्या. अंगठ्याच्या गेल्या आणि नवीन, मागे पट्टा असलेल्या आल्या. म्हणते जुन्या पायातून निसटतात.

१५ जून, लेबारान

ईदची नमाज झाली. रेत्नो आणि जावई दिमास काल सुराबायाहून आले. घर भरलं. तरी आज मन ठीक नाही.

दरवर्षी सकाळी मी खुर्चीत बसतो, लास्मिनी माझ्यापुढे गुडघे टेकते, माझे हात कपाळाला लावते आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागते. मग मी तिची मागतो. मग मुलं. आमच्या लग्नापासून चुकलेलं नाही. आज ती वेताच्या खुर्चीतच बसून राहिली. म्हणाली, "तुम्हीच इकडे शेजारी येऊन बसा. असंच करू या."

दिमाससमोर. रेत्नोसुद्धा गोंधळली. "आई, असं कसं?"

"वय झालं," लास्मिनी म्हणाली.

मी शेजारी बसलो. तिने माझे हात हातात घेतले. तिचे हात गार होते आणि पकड अशी की जणू धरलेच नाहीत. क्षमा मागितली, मीही मागितली, पण माझ्या आवाजात राग होता तो सगळ्यांना ऐकू आला असणार. मे महिन्यातल्या ओरडण्याचा सूड घेतला तिने, असं मला वाटलं. अजून वाटतंय.

१ जुलै

मागचं दार उतरलं.

मागचं, डावीकडचं. बाजारातून आलो, लावायला गेलो तर लागेना. खाली पाच मिलिमीटर. मी तसाच गाडी घेऊन तुगिमानकडे गेलो. म्हटलं, आता हे दुकान मंत्राचं असो की तंत्राचं, मला कारण हवं.

फाटक लागलं. दहाच मिनिटांत परत उघडलं आणि तुगिमान फडक्याला हात पुसत बाहेर आला.

"पाक हर्तोयो, जरा आत या."

"मी? आत?"

"बाहेर बोलण्यासारखं नाही."

आत काही नव्हतं. हातोड्या, लाकडी ठोकळे, जॅक, एक देवाधर्माचं कॅलेंडर. त्याने दोन्ही डावी दारं उघडून ठेवली होती.

"या गाडीतून कोण कोण जातं?"

"मी आणि घरची."

"बाईंचं वजन किती असेल?"

मला राग आला. "पन्नाससुद्धा नाही. तिचा काय संबंध?"

त्याने पुढच्या दाराच्या काचेच्या चौकटीवर बोट ठेवलं. वरच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, रंग उडून पत्रा चकाकत होता. मग मागच्या दारावर. तिथेही, त्याच जागी, लहान.

"इथे चार बोटं. इथे अंगठा. हे नुसतं धरलेलं नाही. इथून कोणीतरी लटकतं. चढताना एकदा, उतरताना एकदा. रोज. दार एवढ्यासाठी केलेलं नसतं, ते खाली येणारच." थोडं थांबून म्हणाला, "पत्रा मी सरळ करतो. पुन्हा आलात तर पुन्हा करीन. पण पत्र्यात काही बिघडलेलं नाही, पाक."

मी विचारलं, "हे तुला आधी कळलं होतं?"

"एप्रिलमध्ये शंका आली होती. तुम्ही म्हणालात बायकोला दार नीट लावता येत नाही. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल आणि सांगायचं नसेल."

२ जुलै

सकाळी बाजारात जायचं होतं. मी म्हणालो, "तू हो पुढे, मी चावी शोधतो." चावी खिशात होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं.

तिने मागचं दार उघडलं. पिशवी आत टाकली. मग दोन्ही हात वर करून चौकटीला धरलं आणि कपाळ काचेला टेकून उभी राहिली. दम घेत होती. मग एका हाताने विजारीचं कापड गुडघ्यापाशी मुठीत धरून उजवा पाय उचलला, जसं एखादं सामान उचलावं तसा, आणि आत ठेवला. मग सगळं अंग दाराला लोंबलं. दार खाली जाताना मला इथून दिसलं. मग ती आत पडली, बसली नाही, पडली, आणि सरळ होऊन केस सारखे केले.

पाच महिने मी गाडीला वळसा घालून माझ्या बाजूने बसत होतो आणि आरसा नीट करत होतो.

गाडीत जाऊन मागे तिच्याशेजारी बसलो. ती म्हणाली, "आज ड्रायव्हर कोण?"

"किती दिवस झाले?"

तिने ओळखलं. पिशवीतून तो तपकिरी लिफाफा काढला. सगळीकडे तो बरोबर नेत होती, म्हणजे मला घरात सापडू नये.

"कासियातीच्या वहिनीचा ना हा," मी म्हणालो.

"कासियातीला वहिनी नाही. वीस वर्षं शेजारी राहतो आपण तिच्या."

आतले कागद मी वाचले. अर्धे शब्द कळले नाहीत. जे कळले ते असे की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. आधी पाय, मग हात, मग बाकीचं. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. हे तिला मार्चपासून माहीत होतं, आणि कासियातीलाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. मालांगहून येताना सगळं जुळवत आले होते, कसं बोलायचं ते. तर तुम्ही हात धरून दाराकडे घेऊन गेलात. रबर दाखवलंत." ती खिडकीबाहेर बघत होती. "इतके खूष होतात. म्हटलं राहू दे. उद्या सांगू. मग रोजच उद्या."

"मी ओरडलो तेव्हा सांगायचं होतंस."

"तुम्ही दारासाठी ओरडत होतात. ते निदान सरळ होण्यासारखं होतं."

बाजारात गेलो नाही.

९ जुलै

मालांग. त्याच डॉक्टरकडे. तरुण आहे, रेत्नोहून लहान असेल. मी विचारलं, पुढे काय, कधी, किती दिवसांनी. तो म्हणाला प्रत्येकाचं वेगळं. मी म्हणालो, अंदाज तरी द्या, दोन टोकं सांगा, मधलं मी काढतो. लास्मिनीने माझ्या बाहीला हात लावला आणि म्हणाली, "डॉक्टर, यांना सवय आहे. वाईट वाटून घेऊ नका."

रेत्नोला फोनवर सांगितलं. ती रडली आणि मग रागावली, "बाबा, तुम्ही एकाच घरात राहता ना?"

२६ जुलै

या पंधरवड्यात काय काय केलं ते लिहितो. केदिरीचा मालिश करणारा. लोदोयोचे एक बुजुर्ग, त्यांनी पाणी मंतरून दिलं, तीन बाटल्या. कासियातीच्या दिराने सांगितलेला मुळ्यांचा काढा. सुराबायाच्या मोठ्या रुग्णालयात रेत्नोने घेतलेली वेळ. तिथे चार तास बसून तेच ऐकलं.

मंतरलेलं पाणी मी स्वतः ओतून दिलं. पेला तिच्या ओठांना लावताना मनात प्रार्थना केली, मनापासून केली. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुम्ही तर मंत्रांना हसायचात."

"हसायचो."

"आता?"

"आता पी."

१० ऑगस्ट

तुगिमानने गाडीचं काम केलं. मी सांगितलं नव्हतं, त्यानेच निरोप पाठवला. दाराच्या पुढच्या खांबाला आतून पोलादी पट्टी जोडली आणि तिच्यावर एक मूठ बसवली, बसमध्ये असते तशी. आता तिचं वजन दारावर येत नाही, गाडीच्या सांगाड्यावर येतं. आसनही इंचभर खाली घेतलं. ती पुन्हा पुढे बसते.

मूठ धरून चढली. मी मागे हात पसरून उभा. "पकडू नका, बघा नुसते," म्हणाली. चढली. तुगिमान फाटकाशी उभा राहून पत्रा बघावा तसा बघत होता. त्याने पैशांचं नाव काढू दिलं नाही.

आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

१४ सप्टेंबर

मुठीवरून बोटं सुटतात. आज दोनदा.

३ ऑक्टोबर

ती पडली.

घराला कुलूप लावायला मी मागे राहिलो, एवढासा वेळ. गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडली, एक पाय खाली मुडपून. मी काखेत हात घालून उचलायला गेलो. उठेना. पुन्हा. माझ्या पाठीत काहीतरी लचकलं आणि मी तिच्या शेजारीच जमिनीवर बसलो. चौतीस वर्षं लोखंडी साखळ्या आणि खुंट्या खांद्यावरून उसाच्या शेतांत वाहिल्या, आणि सत्तेचाळीस किलोची बाई मला उचलता येईना.

"लागलं का?" तिने मला विचारलं. मला.

कासियाती धावत आली, तिच्याने झालं नाही. तिने तुगिमानला बोलावलं. वीस मिनिटं आम्ही दोघं तसेच भिंतीला टेकून बसलो होतो. ती म्हणाली, "इथे सावली बरी आहे."

तुगिमानने तिला एकट्याने उचलून आसनावर ठेवलं. मग मला बाजूला घेतलं आणि बाकावर सिमेंटची गोणी ठेवून तासभर शिकवलं. पाय रुंद. पाठ वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. आधी जवळ घ्यायचं, अंगाला अंग लावून, मग उठायचं. "लांब धरलंत की कुठलीही वस्तू जड होते, पाक," तो म्हणाला.

२१ ऑक्टोबर

गेल्या आठवड्यात शाळेतून बाई आल्या होत्या. डिसेंबरच्या समारंभात मुली नाचणार आहेत आणि शिकवायला कोणी नाही. लास्मिनी हो म्हणाली. बाई गेल्यावर मी म्हणालो, "कशी शिकवशील? हात वर जात नाहीत तुझे."

"तोंड आहे ना."

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस सहा मुली ओसरीवर येतात. ती खुर्चीत बसून सांगते, त्या करतात. मी आत बसून ऐकतो. "कोपर झोपलंय. उठव त्याला." "मान हळू, बाई, माशी मारतेस का?" मुली हसतात. काही खुणा शब्दांत सांगता येत नाहीत, तेव्हा ती थांबते आणि बराच वेळ काही ऐकू येत नाही.

१८ नोव्हेंबर

आज गाडी धुतली. पट्टी लावली, सवयीने. डावीकडचं दार वर चार, खाली चार. ऑगस्टपासून केसभरही हललेलं नाही. आता मीच तिला उचलून ठेवतो. कोणी कशाला लटकत नाही.

रस्त्यावरून तुगिमान सायकलवर चालला होता. मला पट्टी घेऊन उभा बघून थांबला.

"बसलंय का अजून?"

"बसलंय."

खूष होऊन काही बोलणार होता. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला, पायडल मारलं आणि गेला.

२ डिसेंबर

तिची जीभ जड झालीय. मला कळतं, कासियातीला कळतं. फोनवर रेत्नोला कळत नाही, मग मी मध्ये सांगतो. रेत्नो म्हणते सुराबायाला चला, इथे कोण आहे तुमचं. लास्मिनीने डोळ्यांनीच नाही म्हटलं. मी रेत्नोला सांगितलं, जानेवारीत बघू. मला माहीत नाही जानेवारीत काय बघणार आहे.

१५ डिसेंबर

शाळेचा समारंभ.

सकाळी तिला न्हाऊ घातलं, कासियातीने तिला हिरवी कबाया घालून दिली, केस बांधले. मी अंगाशी धरून उचललं आणि आसनावर ठेवलं. आता पाठ धरत नाही. ती माझ्या मानेशी म्हणाली, "तुम्हाला जमायला लागलं."

शाळेच्या मैदानाला पायऱ्या आहेत. चाकाची खुर्ची आणली होती, पण ती म्हणाली, नको, लोक नाच सोडून मला बघतील. गाडी मी कुंपणाशी, मंचाच्या डाव्या अंगाला लावली आणि तिच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं. तिथून नीट दिसत होतं. मी दार धरून उन्हात उभा राहिलो.

सहा मुली आल्या. वाद्यं सुरू झाली. मला यातलं काही कळत नाही, मला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या. लास्मिनी पुढे झुकायला बघत होती. मी तिचा खांदा धरला.

"शेवटची," ती म्हणाली. "हात."

शेवटची मुलगी, पाक सुमारदीची नात, वारंवार आमच्याकडे बघत होती. विसरली होती. बाकीच्यांच्या मागे अर्धा क्षण राहत होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. लास्मिनीच्या मांडीवरची बोटं हलली. वर आली नाहीत.

"पाकने. तुम्ही करा."

"मी?"

"उजवा. वर."

मी आजूबाजूला पाहिलं. कुंपणापाशी बरेच पालक उभे होते, माझ्या कचेरीतला एकजणही होता. दार सोडलं आणि हात वर केला.

"मनगट खाली." एकेक शब्द ती ढकलून बाहेर काढत होती. "बोटं मागे. अजून. चौथं."

मी बोटं मागे घेतली. माझी बोटं जाडी आहेत, मागे जात नाहीत. नेली.

"आता वळा. हळू."

मी हात हळू वळवला. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने हात वर केला, मनगट पाडलं आणि वळवला. मग दुसऱ्या बाजूने. लास्मिनी सांगत होती, मी करत होतो, ती मुलगी करत होती. मागे कोणीतरी हसलं. मी थांबलो नाही. किती वेळ गेला माहीत नाही. वाद्यं थांबली तेव्हा माझा हात अजून वरच होता.

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं लक्ष मंचाकडे नव्हतं, माझ्या हाताकडे होतं.

"अंगठा," ती म्हणाली. "आत."

मी अंगठा आत घेतला.